घटापासून संक्रांतीपर्यंत

काचघराच्या काचा रोज पुसाव्या लागत. एक दिवस खाडा झाला तरी कोळशाची बारीक भुकटी त्यांवर बसे आणि आतली रोपं उजेडासाठी माना लांबवू लागत. राजूरच्या खाणीवर ज्यांनी दिवस काढले त्यांना हे सांगायला नको. तिथे सकाळी वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी राखाडी होऊन दोरीवरून उतरे. अशा गावात झाडांसाठी काचेचं घर बांधणं एखाद्या इंग्रज साहेबालाच सुचावं. त्याने ते नेच्यांसाठी, म्हणजे फर्नसाठी, बांधलं होतं. साहेब विलायतेला गेला, नेचे एका उन्हाळ्यात वाळले आणि मॅनेजरच्या बंगल्यामागे काचघर तेवढं उरलं. पुढे त्यात हिवाळी फुलांची रोपं होऊ लागली. ती बंगल्याच्या व्हरांड्यातल्या कुंड्यांत जायची.

१९५८ च्या ऑगस्टात मी तिथे कामाला लागले. सतरा वर्षांची होते. माझे बाबा, उकंडा, खाणीत खाली लाकडी टेकू बसवायच्या कामावर होते आणि आई, मथुराबाई, वर टोपलीने कोळसा वाहायची. दोन वर्षांपूर्वी दसऱ्याला बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले, घरातला देव्हारा रिकामा केला आणि त्या फळीवर माझी पुस्तकं ठेवली. त्याच पुस्तकांवर मी सातवी पास झाले. मजुरांच्या घरांच्या आमच्या लाइनीत सातवी झालेली मी पहिली मुलगी.

त्या सातवीनेच मला काम दिलं. बियांची पाकिटं पुण्याहून येत आणि काचघर सांभाळणारे म्हातारे माळी, पंजाबराव, यांना अक्षर येत नव्हतं. पाकिटं वाचून देणाऱ्या कारकुनाची बदली झाली होती. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं, एक पाकीट हातात दिलं. मी नाव वाचलं, मागची बारीक अक्षरंही वाचली.

त्या साली कामगारांसाठी नवा दवाखाना बांधून होत होता. सव्वीस जानेवारीला त्याचं उद्घाटन होतं. फाटकापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुलांचे साठ डबे ठेवायचे ठरलं होतं. डबे म्हणजे खाणीतल्या दिव्यांच्या कार्बाइडची पत्र्याची पिंपं, मधोमध कापलेली, बुडाला भोकं पाडलेली, वरून चुन्याने रंगवलेली. गावातच चुन्याच्या भट्ट्या होत्या, चुन्याला राजूरमध्ये तोटा नव्हता.

"फूल छब्बीस को चाहिए," साहेब म्हणाले. "सत्ताईस को मुझे नहीं चाहिए. छब्बीस को साठ डिब्बे खिले दिखे, तो लड़की का नाम पक्की हजेरी पर. नहीं तो एक तारीख से माँ के साथ टोकरी."

ते वाईट नव्हते. त्यांनी सरळ दोनच रस्ते दाखवले, एवढंच.

टोपलीचा रस्ता मला पाठ होता. आईच्या टाळूवर बंद्या रुपयाएवढी जागा होती, तिथे केस उगवायचे थांबले होते. त्याच आठवड्यात तिने जुन्या लुगड्याची एक नवी चुंबळ वळली, माझ्या डोक्याच्या मापाची, आणि खुंटीला अडकवली.

"हे कोणासाठी वं?" मी विचारलं.

"असू दे खुंटीले," ती म्हणाली. "लागली तं लागली."

पंजाबराव कमी बोलत. धोतर गुडघ्यापर्यंत, खांद्यावर पंचा, आणि पाण्याचा स्वतःचा लोटा काचघराच्या दारापाशी वेगळ्या खिळ्याला. माझा माठ आतल्या कोपऱ्यात होता. त्यांनी मला त्यातलं पाणी कधी मागितलं नाही आणि मीही कधी पुढे केलं नाही. पण काम त्यांनी हातचं राखून शिकवलं नाही.

"पिटूनीचं बी हातात घ्यायचं नाई," ते म्हणाले. पिटूनियाला ते पिटूनी म्हणत. "घामाले चिकटते. मोहरीहून बारीक अन् मोहरीहून महाग."

बी कागदाच्या घडीवर ओतायचं, त्यात चाळलेली रेती मिसळायची, आणि घडीला बोटाने हलक्या टिचक्या मारत खोक्यात भुरभुरवायचं. खोकी सुरुंगाच्या दारूची असत, देवदाराची, उभी कापलेली. बुडाला जळक्या कोळशाचे खडे, वर पालापाचोळ्याचं कुजलेलं खत आणि गाळाची माती. वरून पाणी घालायचं नाही. खोकं पाण्याच्या टाक्यात ठेवायचं, माती खालून आपोआप ओली होते. फ्लॉक्सचं बी त्यामानाने मोठं, ते मातीने झाकावं लागे. मी बांबूच्या चिपांवर नाव आणि तारीख लिहून खोक्याखोक्यात रोवत असे. पंजाबरावांना त्या चिपांचं हसू यायचं.

"झाड सांगत नाई का, मी कोण थे?"

"उगवेपर्यंत कुठे सांगते, पंजाबरावजी?"

"मग उगवेपर्यंत लाव तुह्या चिपा."

तिसरी होती भुरीबाई. ती जवळच्या तांड्यावरून शेणखत आणि पाला घेऊन यायची आणि रोजंदारीवर दिवसभर थांबायची. तिच्या सासऱ्याचा बाप बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर हिंडायचा. आता त्यांची सहा एकर होती, कपाशी आणि हरभरा. तांड्यावर आईला याडी म्हणतात. चार दिवस तिच्यासोबत माती चाळल्यावर मीही तिला याडी म्हणू लागले. तिचं तोंड आणि हात कधीच एका वेळी थांबत नसत. हे पुढे महत्त्वाचं ठरलं.

पंजाबरावांचं सगळं गणित सणांवर होतं. घट बसले की पेरणी. दिवाळीला रोपं सुटी करून दुसऱ्या खोक्यांत, दोन-दोन बोटांच्या अंतराने. कार्तिकी पौर्णिमेला प्रत्येक रोपाचा शेंडा नखाने खुडायचा, म्हणजे ते उंच न जाता बाजूने फुटतं आणि कुंडी भरून दिसते. मार्गशीर्षात कुंड्यांत लावणी. संक्रांतीला पहिलं फूल.

"वीस साल झाले," ते सांगत. "घटापासून संक्रांतीपर्यंत. एकदा चुकलं नाई."

आमच्या घरी सण उरले नव्हते. दिवस मोजायला बाबांनी भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर लावलं होतं. त्यामुळे घट बसले तेव्हा माझ्या चिपांवर फक्त एक तारीख उमटली, तेरा ऑक्टोबर. तिच्याकडे बघून मला काहीही वाटलं नाही. दिवाळीत रोपं सुटी केली तेव्हाही नाही.

मग पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं उन्हात बसलो होतो. पंजाबराव दुसऱ्या दिवशीच्या खुडणीसाठी खोकी ओळीने मांडत होते. भुरीबाई तिच्या कपाशीचं गाऱ्हाणं सांगत होती.

"गेल्या साली दिवाळी झाली तवा पयली वेचणीबी नव्हती झाली. यंदा दोन वेचण्या झाल्या, मंग दिवाळी आली. धोंड्याचा महिना घुसला ना मधात. मले तं जावायाले यंदा जास्तीचं जेवू घालावं लागलं. अनारशे पायजेत म्हणे. अन् खाऊन म्हणते कसा, तूप कमी पडलं."

"मग काय केलं याडी?"

"काय करन? तुपाचं गाडगंच समोर ठेवलं. म्हटलं, घे बाप्पा, बुड त्याच्यात."

मी हसले, आणि हसता हसता थांबले. धोंड्याचा महिना म्हणजे सालात एक महिना जास्तीचा. तो श्रावणात आला होता. म्हणजे त्यानंतरचे सगळे सण पुढे सरकले होते.

"पंजाबरावजी, गेल्या साली घट कधी बसले होते?"

"घट बसले तवा बसले. कधी म्हणजे काय?"

मी उठून ऑफिसच्या शिपायाकडे गेले. तिथे गेल्या सालचं कॅलेंडर रद्दीत पडलेलं असे. त्यात मराठी सणही छापलेले होते. गेल्या साली घट चोवीस सप्टेंबरला बसले होते. यंदा तेरा ऑक्टोबरला. मी पायरीवर बसून बोटांवर दिवस मोजले, पुन्हा मोजले.

परत आले आणि सांगितलं, "यंदा पेरणी एकोणीस दिवस उशिरा झाली."

"घटाले पेरलं," पंजाबराव म्हणाले. "उशीर कायचा?"

"घटच उशिरा बसले. पण संक्रांत चौदा जानेवारीलाच येते, दरसाल. ते दोघं यंदा जवळ आलेत."

"संक्रांत संक्रांतीले येते."

"हाव. संक्रांत हालत नाई, पंजाबरावजी. घट हालले. अन् सव्वीस जानेवारीही हालत नाई."

त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही लोकांनं सण सोडले. आता मले सण शिकवते का वं?"

भुरीबाईचं तोंड त्या दिवशी पहिल्यांदा बंद झालेलं मी पाहिलं. मी माझ्या चिपा पुसायला घेतल्या. त्या स्वच्छच होत्या.

घरी आल्यावर मी पुण्याच्या दुकानाचं पत्रक काढलं. त्यात मराठीत छापलं होतं: पेरणीपासून फुलापर्यंत पंचाण्णव ते शंभर दिवस, शेंडा खुडल्यास आणखी दोन ते तीन आठवडे. तेरा ऑक्टोबरपासून मोजलं. न खुडता वीस जानेवारी. खुडून फेब्रुवारीचा पहिला आठवडा. फुलं यायचीच होती, भरभरून यायची होती, फक्त मंडप काढून झाल्यावर. चुंबळ खुंटीला होती. आईने माझ्याकडे पाहिलं आणि भाकरी थापत राहिली.

"काय झालं?"

"काही नाई."

"मग कॅलेंडरात तोंड खुपसून काहून बसली?"

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या बुढ्याले सांगितलं का?"

"सांगितलं. ते रागावले."

"रागावून कुठे जाईल? उद्या पुन्हा सांग. मान खाली घालून सांग, पण सांग."

पुन्हा सांगायची वेळ आली नाही. सकाळी मी काचा पुसत असताना पंजाबराव आले. पंचा खांद्यावरून काढून त्यांनी लोट्याच्या खिळ्याला अडकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "विठ्ठलरावच्या पंचांगात पाह्यलं. एकोणीस दिवस."

विठ्ठलराव म्हणजे गावातले पोस्टमास्तर. पंजाबराव सकाळीच त्यांच्या दारात जाऊन बसले होते.

"आतापर्यंत व्हरांड्याच्या कुंड्या होत्या," ते पुढे म्हणाले. "फूल आठ दिवस मागंपुढं झालं तं कोण इचारते? म्हणून कळलं नाई. पत्रकात काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं. त्यांनी ‘शेंडा खुडल्यास’ हे दोनदा वाचायला लावलं.

"मग यंदा खुडायचं नाई," ते म्हणाले.

"पण मग एकेका रोपाला एकच दांडा राहील. डबा रिकामा दिसेल."

"एका कुंडीत दरसाल तीन लावतो. यंदा डब्यात सात लाव." ते खोक्यांकडे वळून मोजायला लागले, ओठ हलवत. "दरसाल निम्मी रोपं उकिरड्यावर फेकतो. यंदा एकबी रोप फेकायचं नाई. वाकडं असो, खुजं असो."

साठ डबे, सात रोपं, चारशे वीस. आमच्याकडे चारशे तीस-पस्तीस होती. त्या दिवसापासून मी रोपांना माणसांसारखं मोजू लागले.

डिसेंबरात थंडी पडली आणि वाढ थबकली. भुरीबाईने उपाय सांगितला.

"बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवतेत. तशी ठेवा."

"धुरानं कळी गळते," पंजाबराव म्हणाले. "अन् इथं कोळशाचा धूर."

"धूर नसलेली शेगडी ठेवा मंग."

"थे कोणतं?"

तिला माहीत होतं. कापसाच्या जिनिंगमधून टाकलेली सडकी सरकी तिने गाडीभर आणवली, ताज्या शेणात कालवली आणि काचघरात हातभर जाड थर रचला. दोन दिवसांत तो आतून तापला. हात खुपसला तर चटका बसे. त्यावर फळ्या, फळ्यांवर खोकी. काचघराला आंबूस वास येऊ लागला. मॅनेजरसाहेब एकदा दारापर्यंत आले, नाकाला रुमाल लावला आणि परत गेले. पण रोपं हालली. पानांना गडद हिरवा रंग आला. काचा मी आता दोनदा पुसत होते, सकाळी आणि जेवणानंतर, कारण दिवस लहान होता आणि प्रत्येक तास मला हवा होता.

आणि मग ते झालं.

डिसेंबरच्या मध्याला एका दुपारी मी पंजाबरावांसोबत रस्त्यावर डब्यांची जागा आखायला गेले. भुरीबाई एकटी होती. तिने फ्लॉक्सची दोन खोकी उन्हात काढली, शेजारी कोळसेवाली सोनीबाई येऊन टेकली आणि बोलणं सुरू झालं. मी परतले तेव्हा भुरीबाईच्या पदरात मूठभर कोवळे हिरवे शेंडे होते. दोन्ही खोक्यांतलं एकूणएक रोप बोडकं होतं.

हरभऱ्याचे दिवस होते. त्या दिवसांत तांड्यावरची कोणतीही बाई शेताच्या बांधावर बसली की तिचे हात आपोआप हरभऱ्याचे शेंडे खुडतात, भाजीसाठी. त्याने झाडही फुटतं. लहानपणापासून चाळीस वर्षं ते हात हेच करत आले होते.

भुरीबाईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पदरात. तिचा चेहरा उतरला.

"मी नाई केलं वं," ती हळूच म्हणाली. "हातानं केलं."

सोनीबाई उठून चालती झाली. पंजाबराव खोक्यांपाशी उकिडवे बसले. दोन खोक्यांत चौऱ्याऐंशी रोपं होती. बारा डबे.

"भाजी करू नको याची," ते एवढंच म्हणाले. "कडू लागन."

भुरीबाई रडायला लागली. मी तिला समजवायला हवं होतं. पण मी तिच्याशी चार दिवस बोलले नाही. ते आठवलं की अजून वाईट वाटतं. ती रोज आली, शेणाचा थर हलवला, काचा पुसल्या, आणि तोंडातून शब्द काढला नाही. काम नसलं की हात पदरात गुंडाळून ठेवायची. पाचव्या दिवशी मला ती शांतता सोसेना.

"याडी, जावई पुन्हा आला होता का?"

"मरू दे त्याले," ती म्हणाली, आणि मग तासभर सांगत राहिली.

सतरा जानेवारीला पहिली पिटूनिया उमलली, जांभळी. पंजाबरावांनी ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि सोडून दिली, जणू तिला वेळेवर यायचंच होतं. बावीस तारखेपर्यंत अठ्ठेचाळीस डबे रंगात आले. रोपं उंच आणि एकेरी होती, वारा आला की झुलायची. पण सात-सात एकत्र असल्यामुळे डबा रिता दिसत नव्हता. उरलेले बारा हिरवेगार होते, बसके, दाट, आणि त्यांत एकही कळी नव्हती.

सव्वीसला दवाखाना उघडला. भाषणं झाली, बुंदी वाटली गेली. आई त्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून रस्त्याने चालली आणि प्रत्येक डब्यापाशी थांबली. पाहुणे गेल्यावर साहेबांनी डबे मोजले.

"अड़तालीस," ते म्हणाले. "मैंने साठ कहा था."

बारा हिरवे डबे मी आदल्या दिवशी त्यांच्या नजरेआड, कोळसा तोलायच्या काट्याच्या शेडमागे नेऊन ठेवले होते. टोपलीवाल्या बाया तिथे ओझं उतरवून घटकाभर टेकत. मी साहेबांना ते डबे दाखवले आणि का ते खरं सांगितलं, सगळं, घटाचं, हरभऱ्याचं. भुरीबाईचं नाव मात्र घेतलं नाही. म्हटलं, आमच्याकडून झालं.

त्यांनी एका हिरव्या डब्यातली पानं बोटाने बाजूला सारून पाहिली.

"झूठ नहीं बोलती, अच्छा है. फरवरी के आखिर तक देखते हैं. तब तक कच्ची हजेरी."

म्हणजे टोपली टळली नव्हती. एक महिना पुढे सरकली होती. घरी मी चुंबळीकडे पाहिलं नाही, आईनेही पाहिलं नाही.

फेब्रुवारीत ऊन चढू लागलं. एकेरी दांड्यांची फुलं जेवढ्या लवकर आली तेवढ्याच लवकर ओसरली. सुकलेली फुलं मी रोज काढत होते, तरी पंधरा तारखेपर्यंत रस्त्यावरचे डबे पार थकले. मला झोप येईना. काट्याच्या शेडकडे तर मी जायचंच सोडलं होतं. पाणी घालायलाही भुरीबाईला पाठवायची. शेवटी एके सकाळी आईच काचघराच्या दारात आली, टोपली हातात, तोंड कोळशाने काळं.

"चाल माह्यासंग."

"काहून?"

"चाल म्हटलं ना."

शेडमागे बायांचा घोळका होता. बारा डबे दिसत नव्हते, इतकी फुलं. गुलाबी, पांढरी, लाल, मधोमध डोळा असलेली. खुडलेल्या प्रत्येक शेंड्याच्या जागी चार-पाच फांद्या फुटल्या होत्या आणि प्रत्येक फांदीवर गुच्छ. पत्र्याच्या कडेवरून ती खाली सांडली होती. बाया आपल्या पिण्याच्या पाण्यातलं उरलेलं पाणी त्यांना घालत आल्या होत्या. कोळशाची धूळ पानांवर बसू नये म्हणून कुणीतरी जुन्या गोणपाटाचा आडोसाही बांधला होता. भुरीबाईने मला यातलं काही सांगितलं नव्हतं. ती मागे उभी होती, हात पदरात.

"मले वाटलं, तू पुन्हा रागावशीन," ती म्हणाली.

मी तिचे दोन्ही हात पदरातून बाहेर काढले.

पंजाबरावांना बोलावलं. ते आले, वाकून फांद्या मोजल्या, एका डब्याला हाताने फिरवून मागून पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"निम्मे खुडायचे, निम्मे सोडायचे," ते म्हणाले. "दरसाल. पयले सोडलेले येतील, थे सरले का खुडलेले."

मी तेच कागदावर मांडलं. घरी देव्हाऱ्याच्या जुन्या फळीपाशी बसून मी सव्वीस जानेवारीपासून उलटे दिवस मोजले, पेरणीच्या दोन तारखा काढल्या, खुडायची खोकी आणि न खुडायची खोकी वेगळी केली, डब्यामागे तीन आणि सात रोपं लिहिली. सण लिहिले नाहीत. मग वाटलं, नुसत्या तारखा वाचून दाखवल्या तर पंजाबरावांना त्या लक्षात राहणार नाहीत. म्हणून प्रत्येक तारखेशेजारी त्या साली येणारी तिथीही लिहिली, विठ्ठलरावांच्या पंचांगातून पाहून.

साहेबांना मी आधी शेडमागे नेलं, मग कागद दिला. त्यांनी फुलं बघितली, कागद बघितला, पुन्हा फुलं बघितली.

"ये बीच में क्या लिखा है? घट, पूनम?"

"ते पंजाबरावजींसाठी आहे, साहेब."

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. एक मार्चला हजेरीच्या वहीत माझं नाव चढलं. प्रभावती उकंडा, माळी. तोवर त्या वहीत माळी या शब्दापुढे बाईचं नाव नव्हतं.

आईने खुंटीवरची चुंबळ काढली आणि माझ्या हातात दिली. "फेकू नको," म्हणाली. मी ती काचघरात नेली आणि माझ्या माठाखाली ठेवली. माठ आधी विटेवर डगमगत होता. पाडव्याच्या सुमाराला एका कडक दुपारी पंजाबराव खोकी धुता धुता थांबले, पंच्याने मान पुसली आणि म्हणाले, "परभा, पाणी दे." लोटा खिळ्यालाच होता. मी माठातलं पाणी दिलं. ते प्याले आणि पुन्हा खोकी धुवायला लागले.

पुढे तीन वर्षांनी ते गेले. काचघर मी बावीस वर्षं सांभाळलं. भुरीबाईला आम्ही दरसाल मुद्दाम बोलावत असू, खुडणीच्या दिवशी. तिच्यासारखे हात कुणाचे नव्हते. नखाला नख लागायचं आणि शेंडा पदरात. "भाजी नाई करत मी याची," ती नव्या मुलींना सांगायची, "पंजाबरावनं सांगून ठेवलं, कडू लागते."

आता मी मुलाकडे यवतमाळात राहते. गॅलरीत सहा कुंड्या आहेत. नवीन कॅलेंडर आलं की मी आधी त्या साली जास्तीचा महिना आहे का ते पाहते, मग सव्वीस जानेवारीपासून उलटे दिवस मोजते आणि पेरणीच्या तारखेला पेन्सिलीने गोल करते. तीन कुंड्यांतली खुडते. तीन तशाच सोडते.